हृदयाचा ताल आणि मागे उरणारे यंत्र

(रुवैस येथील कुटुंबमेळाव्यात दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



तेलशुद्धीकरणाचे हे रुवैस गाव अबू धाबी शहरापासून सुमारे २४० किलोमीटर पश्चिमेला आहे. आपण येथे नोकरीनिमित्त राहतो. आईवडील मात्र ठाण्याला, मुंबईला किंवा अलिबागेकडे. मग एखाद्या दिवशी फोन येतो : बाबांचे हृदय फार अशक्त झाले आहे, डॉक्टर ‘सीआरटी’चे यंत्र बसवा म्हणतात, काय करायचे? असा निर्णय दुरून घ्यावा लागतो. म्हणून या उपचाराचा इतिहास आज आपल्यापुढे मांडतो. त्यात आपल्या लोकांचा वाटा आहे, आणि त्याच्या अखेरीस आपल्याला उत्तर द्यावे लागेल असा एक प्रश्नही आहे.

मिशेल मिरोव्स्की यांचा जन्म १९२४ साली वॉर्सात, एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी आक्रमणात घर सुटले आणि कुटुंब नष्ट झाले. पुढे इस्राएलमध्ये ते हृदयरोगतज्ज्ञ झाले. तेल हाशोमेरच्या रुग्णालयातील त्यांचे गुरू प्राध्यापक हेलर हे हृदयाच्या घातक, अनियमित ठोक्यांनी दगावले. रुग्णालयातले विजेचा झटका देणारे यंत्र माणसाच्या शरीरातच बसवता आले तर, हा विचार मिरोव्स्कींनी तेव्हापासून सोडला नाही. अनेक नामवंतांनी तो अव्यवहार्य ठरवला. अखेर अमेरिकेत, बाल्टिमोरच्या सायनाय रुग्णालयात, त्यांना मॉर्टन मॉवर हे ज्यू सहकारी लाभले, आणि ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात असे यंत्र प्रथम एका रुग्णाच्या शरीरात बसवले गेले.

याच मॉवर यांनी पुढे निराळा प्रश्न हाती घेतला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांनी एकाच वेळी आकुंचन पावायला हवे. काही रुग्णांत डावीकडे संदेश नेणारी वाट खंडित होते आणि डावा कप्पा मागाहून हलतो. होडीच्या एका बाजूची वल्ही आधी आणि दुसऱ्या बाजूची उशिरा पडावीत, तसे होते : श्रम पुष्कळ, गती थोडी. दोन्ही बाजूंना एकदम संदेश द्यावा, या कल्पनेचे पेटंट मॉवर यांना १९९० साली मिळाले.

१९९४ साली फ्रान्समधील सर्ज काझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हृदय जवळजवळ निकामी झालेल्या ५४ वर्षांच्या एका गृहस्थावर हा उपाय केल्याचे प्रसिद्ध केले. सहा आठवड्यांत शरीरात साचलेले पाणी उतरून त्यांचे वजन १७ किलोने घटले. पुढे डाव्या कप्प्याची तार हृदयाच्याच एका शिरेतून नेण्याची पद्धत रूढ झाली आणि छाती उघडण्याची गरज राहिली नाही. २००५ साली ८१३ रुग्णांचा युरोपीय अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच वर्षांत केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ३० टक्के दगावले. यंत्र बसवलेल्यांपैकी २० टक्के.

तरीही हा सर्वांचा उपाय नव्हे. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना अपेक्षित लाभ होत नाही. म्हणून फोनवर पहिला प्रश्न किमतीचा नसावा. ईसीजीमध्ये डाव्या वाटेचा अडथळा आहे का, ठोक्याची लहर किती रुंद आहे, हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता ३५ टक्क्यांपर्यंत उतरली आहे का, आणि औषधे पूर्ण मात्रेत देऊन झाली आहेत का, हे आधी विचारावे.

आता तो दुसरा प्रश्न. ही यंत्रे महाग आहेत. मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ८१ गरीब रुग्णांना, इतरांच्या शरीरातून काढून निर्जंतुक केलेली १०६ डिफिब्रिलेटर यंत्रे बसवली गेली. जंतुसंसर्ग एकालाही झाला नाही. हा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. मिरोव्स्की आणि मॉवर यांचा शोध बांद्र्यातील गरिबापर्यंत पोहोचला, तो असा.

दहनापूर्वी असे यंत्र काढावेच लागते, कारण अग्नीत त्याचा स्फोट होऊ शकतो. आपल्याकडे मात्र दफन होते, आणि कोणी विचारले नाही तर चालू स्थितीतले यंत्र मातीत जाते. मृतदेहाचा मान राखणे हे आपल्यावर बंधन आहेच. पण यंत्र म्हणजे देहाचा अवयव नव्हे, आणि ‘पिक्कुआह नेफेश’, म्हणजे जीव वाचवणे, याला आपल्या धर्मात फार वरचे स्थान आहे. उत्पादक कंपन्या ही यंत्रे एकदाच वापरण्यासाठी विकतात, आणि देशोदेशींचे कायदेही वेगळे आहेत. म्हणून रब्बींना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारूनच ठरवावे.

मात्र ते आधी विचारावे. दुःखाच्या घटकेला, दफनाची घाई असताना, आणि मुलगा रुवैसहून विमानात बसलेला असताना, हा विषय कोणी काढणार नाही. ज्यांच्या छातीत यंत्र आहे, त्यांनी आपली इच्छा आजच कागदावर लिहून घरच्यांच्या हाती द्यावी, एवढीच विनंती.