विमानतळावर नव्या कर्मचाऱ्याला सर्वांत आधी काय शिकवतात?

नाशिकचा विमानतळ शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर, ओझरला आहे. तो हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल). १९६४ मध्ये मिग-२१ बनवण्यासाठी इथे कारखाना उभा राहिला, प्रवासी टर्मिनल आलं थेट २०१४ मध्ये. आजही तिथल्या धावपट्टीवरून प्रवासी विमानांसोबत लढाऊ विमानंही उडतात.

पण विमानतळ ओझरचा असो की मुंबईचा, नव्या कर्मचाऱ्याची सुरुवात विमानापासून होत नाही.

आधी पास
पोलीस पडताळणी आणि सुरक्षा प्रशिक्षणानंतर प्रवेश पास मिळतो. कोणत्या भागात जाता येईल, हे त्यावरच लिहिलेलं असतं. रोजच्या ओळखीचा असला, तरी कर्मचाऱ्याचीही तपासणी होतेच.

मग एप्रन
विमानं उभी राहतात ती जागा म्हणजे एप्रन. इथे चमकणारं जॅकेट सक्तीचं. विमानाचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर इंजिन सुरू आहे किंवा सुरू होणार आहे, असं समजून लांब राहायचं.

आणि कचरा
बॅगेचं तुटलेलं चाक, स्क्रू, प्लास्टिकची पिशवी अशा वस्तूंना इथे 'एफओडी' म्हणतात. त्या इंजिनात ओढल्या जाऊ शकतात किंवा टायर फाडू शकतात. २५ जुलै २००० रोजी पॅरिसमध्ये धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीने कॉन्कॉर्डचा टायर फाटला. टायरचा तुकडा इंधन टाकीवर आदळला, आग लागली आणि ११३ जणांचा जीव गेला.

म्हणून एप्रनवर नियम एकच: पद कोणतंही असो, पडलेलं दिसलं की उचलायचं.