शर्यतीतील हेल्मेट डोक्याला किती वाचवते? एका प्रश्नाचा इतिहास

माझ्या टेबलावर एक तडकलेले सायकल-हेल्मेट आहे. मानेसरच्या औद्योगिक वसाहतीतून अरवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डंपरमधून सांडलेल्या वाळूवर पुढचे चाक घसरले आणि माझे डोके डांबरावर आपटले. हेल्मेटमधला थर्मोकोलचा थर उजव्या कानाच्या वर दबून निम्मा झाला आहे. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. ते हेल्मेट पाहणारा प्रत्येक जण म्हणतो, "याने तुला वाचवले." मीही आईला फोनवर तेच सांगितले. परंतु हे विधान मला सिद्ध करता येत नाही. तोच मी, तोच रस्ता, तोच वेग आणि डोके मात्र उघडे, असा दुसरा प्रयोग झालेलाच नाही.

मग हेल्मेट वाचवते हे आपल्याला कळते तरी कसे? आणि सायकल-शर्यतीत, जिथे वेग माझ्या त्या सकाळच्या वेगाच्या दुप्पट-तिप्पट असतो, तिथे ते कितपत वाचवते? या प्रश्नाला दोन शास्त्रांनी मिळून उत्तर दिले आहे. एक आघाताचे यामिकशास्त्र, दुसरे मेंदूचे शास्त्र. योगायोग असा की मानेसरात ही दोन्ही शास्त्रे शेजारी नांदतात. एकीकडे वाहनांची चाचणी व प्रमाणन करणारे 'आयकॅट', तर दुसरीकडे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र. इतिहासात मात्र या दोघांची गाठ पडायला एक अपघात घडावा लागला.

मे १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. पुढे महायुद्ध सुरू झाले आणि लष्कराचे मोटारसायकलस्वार संदेशवाहक मोठ्या संख्येने डोक्याच्या दुखापतींना बळी पडू लागले. १९४१ मध्ये केर्न्स यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. हेल्मेट घातलेल्या अपघातग्रस्तांची त्यांच्याकडे केवळ सात उदाहरणे होती, आणि ते सातही जण जगले होते. सातांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे केर्न्स जाणून होते. तरीही त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले आणि पुढील वर्षांत मृत्यूंचा आलेख उतरला.

ऑक्सफर्डमध्ये केर्न्स यांच्या सहवासात काम करणारे ए. एच. एस. हॉलबोर्न हे भौतिकशास्त्रज्ञ होते. १९४३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी एक साधा पण दूरगामी विचार मांडला. मेंदू पाण्यासारखा आहे: तो दाबला तर जवळजवळ आकसत नाही, परंतु त्याचा आकार मात्र सहज बदलतो. म्हणून डोके सरळ रेषेत थांबले तर मेंदूत ताण कमी निर्माण होतो. डोके झटकन फिरले तर मेंदूचे थर एकमेकांवरून सरकतात आणि मज्जातंतू ताणले जातात. हॉलबोर्न यांनी मेणाच्या कवटीत जिलेटिनचा मेंदू बसवून हे दाखवले. वाचकहो, हा १९४३ चा निष्कर्ष लक्षात ठेवा. हेल्मेटच्या जगाने तो पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जवळपास बाजूलाच ठेवला.

बाजूला ठेवण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. सरळ रेषेतील आघात मोजणे सोपे होते आणि कवटीचे फ्रॅक्चर रोखणे हे पहिले निकडीचे काम होते. तेथे भौतिकशास्त्र अगदी शालेय आहे. युरोपातील सायकल-हेल्मेटच्या मानकानुसार हेल्मेट घातलेले कृत्रिम डोके सपाट पोलादावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटवतात. हा वेग साधारण दीड मीटर उंचीवरून पडल्यावर मिळतो, आणि सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके जवळपास तेवढ्याच उंचीवर असते. उघडे डोके तीनेक मिलिमीटर अंतरात थांबले असे धरले, तर वेगाच्या वर्गाला दुप्पट अंतराने भागून सरासरी मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ५०० पट येते. थर्मोकोल दोन सेंटिमीटर दबला तर तेच ७५ पटींवर उतरते. प्रत्यक्षात बल एकसारखे नसते, म्हणून कमाल आकडा सरासरीहून बराच अधिक असतो. मानकाची मर्यादा २५० पट आहे. हेल्मेटचे सारे रहस्य या दोन सेंटिमीटरमध्ये आहे. चिरडला जाणे हेच थर्मोकोलचे काम. एकदा चिरडलेला थर पूर्ववत होत नाही, म्हणून आपटलेले हेल्मेट पुन्हा घालू नये. अशा फेसाच्या अस्तराचे, खास सायकलसाठी बनवलेले 'बेल बायकर' हेल्मेट १९७५ मध्ये बाजारात आले.

शर्यतपटूंनी मात्र ते नाकारले. ते कातडी पट्ट्यांची जाळी किंवा कापडी टोपी घालत. उष्णता, वजन आणि परंपरा ही त्यांची कारणे होती. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, हेल्मेट सक्तीचे केले, तेव्हा पॅरिस–नीस शर्यतीत स्वारांनी निषेध केला आणि नियम मागे घ्यावा लागला. १८ जुलै १९९५ रोजी टूर द फ्रान्समध्ये पोर्ते दास्पे घाटाच्या उतारावर फाबियो कासार्तेल्ली पडला. तो बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता होता, वय अवघे २४. डोक्यावर हेल्मेट नव्हते आणि डोके रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळले. हेल्मेटने तो वाचला असता का, यावर वाद झाला. नियम मात्र बदलला नाही. मार्च २००३ मध्ये त्याच पॅरिस–नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला, दुसऱ्या दिवशी वारला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सक्ती लागू झाली. शेवटच्या दीर्घ चढावर हेल्मेट काढण्याची मुभा सुरुवातीला होती. पुढे तीही गेली.

यानंतर मृत्यू थांबले का? नाही. ९ मे २०११ रोजी जिरो दितालियाच्या एका उतारावर वाउटर वेलांट याचा डोक्याच्या गंभीर दुखापतीने मृत्यू झाला. त्याने हेल्मेट घातलेले होते.

येथे अनेक जण घाईने निष्कर्ष काढतात की शर्यतीत हेल्मेट निरुपयोगी आहे. ही चूक का आहे हे विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. हेल्मेटने जे वाचले ते बातमीत येत नाहीत. जे वाचले नाहीत तेच येतात. शिवाय २००३ नंतर व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट न घालणारा गटच उरलेला नाही, म्हणजे तुलना करायला कोणी नाही. आधी आणि नंतर अशी तुलना करावी, तर दरम्यान सायकली, वेग, रस्ते आणि दुखापतींची नोंदणी हे सारेच बदलले. म्हणून पुरावा सामान्य सायकलस्वारांकडून घ्यावा लागतो. सिएटलमधील १९८९ च्या प्रसिद्ध अभ्यासात डोक्याला इजा झालेल्यांपैकी ७ टक्क्यांनी हेल्मेट घातले होते, तर इतर दुखापतींसाठी रुग्णालयात आलेल्या सायकलस्वारांत हे प्रमाण २४ टक्के होते. त्यावरून डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो असा अंदाज निघाला. हेल्मेट घालणारे मुळातच अधिक सावध असतील, हा आक्षेप रास्त होता. पुढे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४० अभ्यासांच्या, ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांच्या विश्लेषणात हा आकडा सौम्य झाला: डोक्याच्या इजेची शक्यता सुमारे ५१ टक्क्यांनी, गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी कमी. आकडा उतरला, दिशा कायम राहिली.

मग वेलांटचे काय? पुन्हा भौतिकशास्त्राकडे येऊ. स्वार ताशी ४० किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर पडतो, तेव्हा डोक्याचा जमिनीशी काटकोनातला वेग प्रामुख्याने पडण्याच्या उंचीवर ठरतो. पुढे जाणारा वेग घसरण्यात खर्च होतो. म्हणूनच दीड मीटरची चाचणी दिसते तितकी अपुरी नाही. परंतु समोर भिंत, खांब किंवा ठोकळा आला तर पुढचा सारा वेगच आघाताचा वेग होतो. ताशी ७० किलोमीटर म्हणजे सुमारे १९ मीटरवरून, सहा मजल्यांवरून, पडणे. ती ऊर्जा चाचणीच्या जवळजवळ १३ पट असते. दोन सेंटिमीटर थर्मोकोल ती पेलू शकत नाही.

आणि घसरण्यात खर्च होणारा वेगही निरुपद्रवी नसतो. डांबराचे घर्षण हेल्मेटला धरते आणि डोक्याला पीळ देते. येथे हॉलबोर्न परत येतात. स्वीडनमधील मेंदूशल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि अभियंते पीटर हाल्डिन यांनी १९९० च्या दशकात हाच धागा उचलला आणि हेल्मेटच्या आत काही मिलिमीटर सरकणारा पातळ थर बसवला. तो आज 'मिप्स' या नावाने ओळखला जातो. व्हर्जिनिया टेकने २०१८ पासून तिरक्या आघाताच्या चाचणीवर सायकल-हेल्मेटना गुण देणे सुरू केले. कवटी वाचवणे आणि कन्कशन, म्हणजे मेंदूला बसणारा हादरा, टाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात हेल्मेट पुष्कळ पुढे आहे, दुसऱ्यात अजून शिकत आहे.

हे सारे आपल्यापासून दूरचे नाही. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढायचा असतो आणि 'घाटाचा राजा' हा किताब चढाईवर मिळतो. चढावर वेग कमी, म्हणून डोक्याला धोकाही कमी. परंतु जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या 'पुणे ग्रँड टूर'सारख्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत चढाइतकाच उतारही निर्णायक असतो. ते पाहून सांगली-साताऱ्याची, पुण्याची मुले उतारावर सायकल सोडणार आहेत. आपला मोटार वाहन कायदा मोटारसायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे करतो, सायकलस्वाराला नाही. त्यामुळे ही जबाबदारी पालक, प्रशिक्षक आणि आयोजक यांच्यावर येते.

ती हेल्मेट देऊन संपत नाही. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, राष्ट्रीय विज्ञान दिनीच, नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर इंटेलचे माजी भारतप्रमुख अवतार सैनी यांना पहाटे सायकल चालवताना टॅक्सीने मागून धडक दिली आणि ते गेले. पेंटियम प्रोसेसरच्या रचनेत ज्यांचा वाटा होता, असा हा अभियंता. मोटारीच्या वस्तुमानापुढे डोक्यावरचा फेस हे उत्तर नव्हे. तेथे उत्तर रस्त्यात आणि चालकाच्या वेगात असते, तसेच घाटाच्या शर्यतीत ते वळणावरच्या गवताच्या गठ्ठ्यांत, झाकलेल्या खांबांत आणि पडलेल्या खेळाडूला "चक्कर येते का?" असे विचारून गरज पडल्यास शर्यतीतून बाहेर काढणाऱ्या डॉक्टरात असते.

हेल्मेट डोके वाचवते, आणि त्याची मर्यादा दोन सेंटिमीटर आहे. ही दोन्ही वाक्ये एकत्रच सांगायला हवीत. माझे तडकलेले हेल्मेट काहीच सिद्ध करत नाही. ६४ हजार अनोळखी सायकलस्वारांची नोंद पुष्कळ काही सांगते. मी नवे हेल्मेट घेतले ते त्या नोंदीवर विसंबून. आणि त्या वाळूच्या वळणावर आता वेग कमी करतो, तो मात्र स्वतःच्या अनुभवावरून.