युद्धजन्य अपंगत्व आणि सैनिकपत्नी : दक्षिण रायगडच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

आपल्याकडे युद्धाचा इतिहास प्रामुख्याने रणांगणाचा आणि हुतात्म्यांचा लिहिला गेला. अपंगत्व घेऊन घरी परतलेला सैनिक आणि त्याचा संसार सावरणारी पत्नी त्यात अभावानेच आढळतात. प्रस्तुत निबंधात दिवेआगर व परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. शासनाने सैनिकाच्या अपंगत्वाचे मोजमाप केले. परंतु त्यामुळे पत्नीवर पडलेल्या श्रमाची स्वतंत्र नोंद झाली नाही, असे येथे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कोकण ही मराठा व महार सैनिकांची जुनी भरतीभूमी होय. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे वेढल्या गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी या सैन्याला शरण जावे लागले. त्या महायुद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक मृत्यू पावले आणि ६७ हजारांच्या आसपास जखमी झाले.

या जखमींसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल स्थापन झाले. पुढे ते पुण्याजवळ खडकीला हलले. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र, तर १९७४ मध्ये खडकी येथे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले. या संस्थांचे कार्य निःसंशय मोलाचे आहे. मात्र सैनिकाला व्यवसाय शिकवणे वा कृत्रिम पाय देणे एवढ्यावर पुनर्वसन संपत नाही. उर्वरित भाग घरी पार पडतो आणि तो पत्नी करील, हे गृहीतच धरले गेले.

स्मरण आणि विस्मरण

दिवेआगरहून फार दूर नसलेल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ मधील इटलीतील पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारले. हुतात्म्याच्या पत्नीला समाजाने 'वीरपत्नी' हे नाव दिले आणि ते योग्यच आहे. परंतु जिवंत परतलेल्या अपंग सैनिकाच्या पत्नीसाठी आपल्या भाषेत असा शब्द रूढ नाही. कारगिल युद्धात (१९९९) ५२७ जवान हुतात्मा झाले, तर १,३०० हून अधिक जखमी झाले. पहिला आकडा सर्वांच्या स्मरणात आहे. दुसरा क्वचितच उच्चारला जातो.

श्रमाचे स्वरूप

दिवेआगरचे अर्थजीवन दीर्घकाळ नारळ-पोफळीच्या वाड्यांवर उभे राहिले आहे. शिंपणे, सुपारी सोलणे, झावळ्या विणणे ही कामे स्त्रिया पूर्वीपासून करतातच. झाडावर चढून फळ उतरवण्याचे काम पुरुषांचे. पती अपंग झाला की या कामासाठी मजुरी मोजावी लागते आणि व्यवहाराचा भारही पत्नीवर येतो. शिवाय कृत्रिम पाय कायमचा टिकत नाही; तो दुरुस्त करावा वा बदलावा लागतो, आणि त्यासाठी पुण्यापर्यंत घाट ओलांडून जावे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला, जायचे तर दिघीहून खाडी ओलांडून आगरदांडा गाठावा, नाहीतर माणगावमार्गे वळसा घ्यावा. ज्या पतीला एकट्याने प्रवास शक्य नाही, त्याच्या प्रत्येक खेपेत पत्नीचाही दिवस खर्ची पडतो. जखमेची मलमपट्टी, रात्रीच्या वेदना, पतीची चिडचिड आणि अबोला यांचा तर हिशेबच नाही.

निवृत्तिवेतनाच्या व्यवस्थेत अपंगत्व टक्क्यांत ठरते. शंभर टक्के अपंगत्व असल्यासच सतत परिचर्या भत्त्याचा विचार होतो. २०१७ मध्ये तो दरमहा ६,७५० रुपये झाला. परिचर्येला मूल्य आहे, हे शासनाने येथे मान्य केले. तथापि हा भत्ता सैनिकाच्या नावे आहे आणि त्याहून कमी टक्केवारी असलेल्यांच्या घरी होणारी परिचर्या मोजणीबाहेरच राहते. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या रूपाने पत्नीचे नाव कागदावर अग्रभागी येते, ते पतीच्या मृत्यूनंतर. ज्या वर्षांत तिने सर्वाधिक श्रम केले, त्याच वर्षांविषयी दप्तर मौन बाळगते.

निष्कर्ष

हे मौन म्हणजे पुराव्याचा अभाव नव्हे. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, घरातील पत्रव्यवहार, वाडीच्या मजुरीच्या वह्या आणि मुख्यतः या स्त्रियांच्या मौखिक आठवणी ही इतिहासाची साधनेच आहेत. १९६५ व १९७१ च्या युद्धांतील सैनिकांच्या पत्नी आज वार्धक्यात आहेत. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, महाड परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे संकलन विनाविलंब हाती घ्यावे. अन्यथा युद्धाच्या या अर्ध्या इतिहासाचे साक्षीदारच उरणार नाहीत.