एल निनो आला होता, पण कुणाला कळलाच नाही!

मंडळी, मे महिना आला की आम्ही पत्रकार एक बातमी हमखास लावतो, 'यंदा एल निनोचं सावट'. वीस वर्षं मीही लावतोय. पण हे सावट आधी कळतं कसं, याचा इतिहास वाचला आणि चाटच पडलो. थोडं मोठं आहे, पण वाचा.

साल १९८२. प्रशांत महासागर तापत होता. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या एल निनोंपैकी एक आकार घेत होता, आणि तज्ज्ञांना पत्ताच नाही! त्याच वर्षी मेक्सिकोत एल चिचोन ज्वालामुखी फुटला होता. त्यानं आकाशात उडवलेल्या बारीक कणांमुळं उपग्रहांना समुद्र होता त्यापेक्षा थंड दिसला. जहाजांनी 'पाणी गरम आहे' असे आकडे पाठवले, तर 'एवढं कसं असेल?' म्हणून त्यातले काही चुकीचे समजून बाजूला टाकले गेले. पुढं पेरूत पूर, ऑस्ट्रेलियात दुष्काळ. आपल्याकडंही त्या वर्षी पाऊस कमीच झाला.

ठेच लागली तेव्हा शहाणपण आलं. १९९४ च्या अखेरीपर्यंत प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या आसपास सुमारे ७० तरंगती यंत्रं नांगरून ठेवली गेली. ती ५०० मीटर खोलपर्यंतचं तापमान उपग्रहामार्फत कळवू लागली.

खोलवरचं कशाला? कारण गरम पाणी आधी पृष्ठभागाखालून पूर्वेकडं सरकतं. वर दिसायला दोनेक महिने जातात. संगणक काही ज्योतिषी नाही. आजचा समुद्र कसा आहे हे त्याला सांगावं लागतं, मगच तो पुढचा हिशेब मांडतो. पहिला आकडाच चुकला तर पुढचं सगळं गणित चुकतं. १९९७ चा एल निनो मात्र वाढताना जगानं जवळजवळ रोज पाहिला, आणि इशारेही काही महिने आधी मिळाले.

तरीही त्या वर्षी भारतात पाऊस सरासरीएवढा झाला! म्हणजे नुसता प्रशांत पाहून भागत नाही, हिंदी महासागरही मोजावा लागतो.

आणि मग काय झालं? २०१२ मध्ये या यंत्रांची देखभाल करणारं अमेरिकेचं जहाज निवृत्त केलं. २०१४ च्या सुरुवातीला माहिती येत होती जेमतेम ४० टक्के. ओरड झाली, तेव्हा कुठं दुरुस्ती झाली.

नवा महासंगणक आला की फोटो निघतात, बातमी आम्हीच लावतो. समुद्रातलं बंद यंत्र चालू केलं, ही बातमी कोण लावतं? मीही कधी लावली नाही.

पुढच्या वेळी अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याला शिव्या घालण्याआधी एक विचारूया: मोजणी नीट चालू आहे ना?