डोळे उघडे, पण लक्ष?

मंडळी, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांतल्या रडारचालकांना तासन्‌तास पडद्यावर पाणबुडीचा ठिपका शोधावा लागे. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी या कामाच्या अभ्यासासाठी एक घड्याळ केलं. काटा दर सेकंदाला एक घर सरके, क्वचित दोन. ती दुहेरी उडी टिपायची. अर्ध्या तासातच चुका वाढल्या. बेंझेड्रिन, म्हणजे ॲम्फेटामिन, घेतलेल्यांची कामगिरी मात्र घसरली नाही. आता बघा, गोळीनं डोळ्यांना नवी शक्ती दिली नव्हती. मेंदूतलं डोपामिन, नॉरॲड्रेनालिन वाढवून लक्ष टिकवलं होतं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे ओळखीचं वाटतं: इंद्रियाला मनाची जोड हवी, असं न्यायदर्शन सांगतंच. पण गोळी थकवा फक्त झाकते. झोपेचं देणं आपल्याला फेडावंच लागतं.