मोबाइल रेडिओतील बहुविध प्रवेश व कालमेळ : गुलमंडीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
गुलमंडी ही औरंगाबादची (आजचे छत्रपती संभाजीनगर) जुनी व दाटीची बाजारपेठ होय. एकाच अरुंद रस्त्यावरून दुकानदार, गिऱ्हाईक व हमाल वाट काढतात. मर्यादित लहरींतून अनेकांना एकाच वेळी बोलता कसे यावे, हा मोबाइल रेडिओपुढील प्रश्नही याच स्वरूपाचा आहे. त्याची उत्तरे कशी बदलली आणि ग्राहकाला त्याची काय किंमत मोजावी लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कालविभाजन :
भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. औरंगाबादचा समावेश असलेल्या महाराष्ट्र परिमंडळात बिर्ला एटी अँड टी व बीपीएल यांना जीएसएम सेवेचे परवाने मिळाले. त्या काळी परवान्यासोबत प्रत्येक दिशेस कमाल ४.४ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रमची तरतूद होती. त्यात २०० किलोहर्ट्झच्या २२ वाहक लहरी बसत. प्रत्येक लहरीवर आठ जण ५७७ मायक्रोसेकंदांच्या पाळीने बोलत. लगतच्या विभागांत तीच लहर वापरता येत नसे. बारा विभागांत वाटणी केल्यास एका विभागाच्या वाट्यास जेमतेम दोन लहरी, म्हणजे सुमारे पंधरा संभाषणे येत. दूरच्या फोनचा संदेश उशिरा पोहोचून दुसऱ्याच्या पाळीत घुसू नये म्हणून मनोरा त्यास आधी बोलण्याची आज्ञा देई. ही सोय सुमारे ३५ किलोमीटरपर्यंतच पुरे.

संकेतविभाजन :
डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने सीडीएमए सेवा आणली. येथे सर्वजण १.२५ मेगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलत. वेगळेपण फक्त संकेताचे असे. जवळच्याचा आवाज दूरच्यास बुडवू नये म्हणून फोनची शक्ती सेकंदास ८०० वेळा कमीअधिक केली जाई. जीएसएमच्या मनोऱ्यांची घड्याळे परस्परांशी जुळलेली नसली तरी चालत. सीडीएमएचे सर्व मनोरे मात्र जीपीएस उपग्रहांच्या वेळेस बांधलेले असत. २००३ च्या 'मान्सून हंगामा' योजनेत ५०१ रुपये भरून फोन मिळू लागला आणि तो लहान व्यापाऱ्याच्याही आवाक्यात आला. तथापि प्रारंभी परवान्याच्या अटींमुळे या फोनला 'मर्यादित भ्रमणा'चेच स्वातंत्र्य होते. नोव्हेंबर २००३ च्या एकीकृत परवान्याने ते बंधन संपविले. हे बंधन तंत्राचे नव्हते, धोरणाचे होते.

निष्कर्ष :
पुढील दशकात सीडीएमए सेवा बंद पडल्या. जीएसएमचा ग्राहक सिमकार्ड काढून कंपनी बदलू शकत होता. सीडीएमएचा हँडसेट बहुधा एकाच कंपनीला जखडलेला असल्याने निरुपयोगी ठरला. स्वस्त फोनची खरी किंमत ग्राहकास तेव्हा कळली. कालमेळाची गरज मात्र उरलीच. ऑक्टोबर २०२२ पासून आलेल्या ५जी सेवेच्या ३३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात पाठवणे व घेणे एकाच लहरीवर पाळीपाळीने चालते. त्यामुळे शेजारच्या मनोऱ्यांची घड्याळे मायक्रोसेकंदांपर्यंत जुळावी लागतात. वाटणीच्या पद्धती बदलल्या, तरी प्रत्येक पद्धतीचा आधार अचूक वेळ हाच राहिला. नवी पद्धती स्वीकारताना ग्राहकाच्या हातातील यंत्राचे भवितव्यही धोरणकर्त्यांनी विचारात घेणे अगत्याचे आहे.