साधन आणि त्यावरील लेख

धाराशिव जिल्ह्यांतील परांड्याचा किल्ला आपणांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. परंतु या किल्ल्यावरील सर्वांत नामांकित तोफ आज तेथें नाहीं. मोठ्या आवाजाच्या वक्त्यास आपण जिची उपमा देतों, तीच ही मुलूखमैदान. इ. स. १५४९ मध्यें निजामशाहींत अहमदनगर येथें महंमद रूमी नांवाच्या कारागिरानें ती ओतली. पुढें ती परांड्यास आली, आणि १६३२ मध्यें ती विजापुरास नेण्यांत आली. सुमारें पंचावन्न टन वजनाची ही तोफ अद्यापि तेथील बुरुजावर आहे.

या तोफेवर लेख कोरलेले आहेत. त्यांत ईश्वराची स्तुति आहे, सुलतानाचें नांव आहे, ओतणाऱ्याचें नांव व साल आहे. १६८६ मध्यें विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाच्या विजयाचा लेखही तीवर चढला. मात्र दारू किती भरावी, दोन बारांच्या मध्यें तोफ किती वेळ निवूं द्यावी, याविषयीं त्या लेखांत अवाक्षर नाहीं. तें ज्ञान गोलंदाजाच्या डोक्यांत. तोफ एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत गेली, आणि जाणता गोलंदाज तिच्यामागून गेला नाहीं, तर शत्रूच्या आधीं स्वकीयांचाच घात व्हावयाचा.

याच्या उलट एक कागद पाहा. १६७३-७४ च्या सुमारास शिवाजी महाराजांनीं चिपळुणाजवळील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस लिहिलेलें पत्र इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण जपून वापरा, एवढेंच सांगून महाराज थांबत नाहींत. आतांच उधळपट्टी केली तर पुढें कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील, मग लष्कर रयतेस उपद्रव देईल, ही सारी सांखळी ते मांडतात. रात्रीं दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि वैरण जळून जाईल, इतक्या तपशिलापर्यंत ते उतरतात. आज्ञा देणारा दूर, काम करणारा तेथें; म्हणून काय करावें, काय करूं नये, आणि कां, हीं तिन्ही कागदावर आलीं.

हा जुना विषय आज काढण्याचें कारण असें. संगणकावरील साधनें आजवर माणूस स्वतः चालवीत असे. आतां कृत्रिम बुद्धीचे एजंट, आपल्या दफ्तरी भाषेंत म्हणावयाचें तर मुखत्यार, तीं माणसाच्या वतीनें चालवूं लागले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक कंपनीनें 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नांवाची एक पद्धति प्रसिद्ध केली. तींत प्रत्येक साधन आपलें नांव, आपलें वर्णन व आपणांस कोणती माहिती पुरवावी, हें एजंटापुढें मांडतें. मुख्यत्वें तेवढें वाचूनच कोणतें साधन उचलावयाचें, हें एजंट ठरवितो.

मी जन्मभर शाळेंत शिकविलें, म्हणून उदाहरण भाषेचेंच देतों. समजा, जमिनीच्या दफ्तरासाठीं एक साधन केलें व त्यावर 'नोंद काढणें' एवढेंच लिहिलें. नक्कल काढणें म्हणजे उतारा देणें. यादींतून नांव काढणें म्हणजे तें खोडणें. मुरलेला कारकून अशा शब्दापाशीं अडला तर शेजारच्यास विचारील. एजंट विचारीलच असें नाहीं. एक अर्थ धरून तो क्षणार्धांत हजार नोंदी खोडूं शकेल, आणि ज्या शेतकऱ्याची नोंद गेली त्याचें पीककर्ज अडेल. म्हणून वर्णन असें हवें: 'दिलेल्या गट क्रमांकाची नोंद कायमची खोडतें. खोडलेली नोंद परत आणतां येत नाहीं. केवळ उतारा हवा असल्यास हें वापरूं नये. खोडण्यापूर्वीं अधिकाऱ्याची संमति घ्यावी.' वाक्यें चारच. पण कार्य, परिणाम, मर्यादा आणि अधिकार हीं चारही त्यांत आलीं. याऐवजीं 'अत्यंत वेगवान व सामर्थ्यवान साधन' असें लिहिणें म्हणजे तोफेवर बिरुदें कोरणें होय.

तथापि लेखी सूचना म्हणजे कुलूप नव्हे. जुलै २०२५ मध्यें रेप्लिट कंपनीच्या एजंटानें, बदल करूं नये असें बजावलें असतांही, एका ग्राहकाचा चालू कामाचा माहितीसंग्रह पुसून टाकला. त्यानंतर प्रयोगाचा संग्रह व चालू कामाचा संग्रह वेगळे ठेवण्याची व्यवस्था कंपनीनें केली. वर सांगितलेल्या पद्धतींतही, साधन केवळ वाचणारें आहे कीं नाश करणारें, हें दर्शविणाऱ्या खुणा २०२५ मध्यें घालण्यांत आल्या. परंतु ज्याची खात्री नाहीं अशा ठिकाणाहून आलेल्या खुणेवर विसंबूं नये, असेंही तींत बजावलें आहे. खोट्या शिक्क्याचे कागद जुन्या काळींही येतच असत.

तेव्हां सूचना स्पष्ट असावी, आणि कोठारास कुलूपही असावें. पैकीं सूचना लिहिण्याचें काम साधन घडविणाऱ्यानेंच, तें दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं, केलें पाहिजे. मुलूखमैदानेंत दारू किती भरावी, हें तिच्यावरील लेख वाचून आज कोणास कळावयाचें नाहीं. आणि सांगावयास रूमीही उरलेला नाहीं.